हिरव्या ओठांचा शिंपला

आमच्या सोसायटीतले अण्णा लिमये दुकानात शिरले की दुकानदार आधी पंखा मोठा करायचा. अण्णा आता लवकर हलत नाहीत, हे त्याला अनुभवाने कळलेलं. खिशातून भिंग काढायचं, पुडा नाकाशी धरायचा आणि आतल्या जिनसांची यादी शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत वाचायची, याला अण्णा खरेदी म्हणत. शाकाहाराचा हिरवा ठिपका दिसला तरी समाधान नाही. "ठिपका काय, कोणीही छापेल. आत काय आहे ते बोला!" एकदा त्यांनी फळवाल्याला सफरचंदावरचा हिरवा ठिपका दाखवायला सांगितलं म्हणतात. मी तिथे नव्हतो, पण तो फळवाला तेव्हापासून गाडी पलीकडच्या गल्लीत लावतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

"विषय संपला!" हे अण्णांचं लाडकं वाक्य. हे म्हणून ते विषयाला सुरुवात करत. पुढचा अर्धा तास समोरच्याने मान हलवायची.

कर्वेनगरातली आमची इमारत कोणाच्या डोक्यात लिफ्ट येण्याआधी बांधलेली. अण्णा तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. काकू गेल्यापासून ते एकटेच. दुधाची पिशवी घेऊन अण्णा जिना चढायला लागले की त्यांच्या गुडघ्यांचा आवाज साऱ्या इमारतीला ऐकू येई. पहिल्या मजल्यापर्यंत पापड मोडल्यासारखा, दुसऱ्यापर्यंत सुपारी फोडल्यासारखा, आणि तिसऱ्याला तर थेट नारळ. तळमजल्यावरच्या जोशीबाई प्रसादाच्या आशेने दोनदा वर येऊन गेल्या.

एका सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली. "अहो सामंत, वर या जरा. तुमच्यातलं काहीतरी आलंय."

मी मालवणकडचा. त्यामुळे पाण्यातून जे जे बाहेर येतं ते ते अण्णांच्या हिशेबी 'तुमच्यातलं'. वर जाऊन बघतो तर टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गोळ्यांची बाटली, आणि अण्णा बाटलीपासून लांब, भिंतीला टेकून उभे. न्यूझीलंडहून मुलाने, नचिकेतने, वडिलांच्या गुडघ्यांसाठी पाठवलेली.

"ग्रीन लिप्ड मसल," अण्णा म्हणाले. "म्हणजे काय?"

"हिरव्या ओठांचा शिंपला. आमच्या तिसऱ्या-शिंपल्यांचा थोरला भाऊ समजा. तिकडच्या समुद्रात होतो. वाळवून पूड करतात. सांध्यांना बरी असते म्हणतात."

"हिरवे ओठ कोणाचे?"

"शिंपल्याचे."

"ओठ हिरवे असले म्हणून ठिपका हिरवा होत नाही! विषय संपला." मग अर्धा तास शिंपल्याला जीव असतो का, असल्यास तो कुठे असतो, आणि ज्याला ओठ आहेत त्याला तोंड असणारच, यावर व्याख्यान झालं. शेवटी बाटली माझ्याकडे सरकवली. चिमट्याने. "तुम्हीच घ्या. तुम्हाला चालतं."

"अण्णा, मी शिंपल्या खोबरं लावून खातो. कॅप्सूल घालून नाही. नचिकेतला कळवा ना, की हे चालत नाही म्हणून."

यावर अण्णा एकदम भिंग पुसायला लागले. पुसून पुसून ते इतकं स्वच्छ झालं की आता पलीकडचं डेक्कन दिसेल असं मला वाटलं. "बघू," एवढंच म्हणाले.

पुढे बाटल्या येत राहिल्या आणि संपतही राहिल्या. मी चक्रावलो. लिमयांच्या घरात शिंपला पचतोय कोणाला?

उत्तर पार्किंगमध्ये मिळालं. तिथे एक पिवळट, म्हातारं कुत्रं राहायचं. रिक्षाने मागचा पाय चेंगरलेला, तो ओढत चालायचं. त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. अण्णा त्याला 'गृहस्थ' म्हणत आणि अहोजाहो करत. त्या दिवशी मी खांबाआडून बघितलं. अण्णांनी चिमट्याने कॅप्सूल उचलली, साजूक तूप लावलेल्या पोळीच्या तुकड्यात गुंडाळली आणि वाकता येत नसल्याने उभ्यानेच खाली सोडली. "घ्या. डॉक्टरांना विचारून आलोय. मापातच देतोय. तुम्हाला चालतं."

हे डॉक्टर अर्थात जनावरांचे.

दोन-तीन महिन्यांत गृहस्थ चारी पायांवर आले. पुढे जिना चढून वर जायला लागले, आणि थोड्याच दिवसांत अण्णांच्या आधी पोचून दाराशी वाट बघायला लागले. हा गुण शिंपल्याचा, तुपाचा, की रोज कोणीतरी 'अहो' म्हणण्याचा, हे सांगायला मी काही डॉक्टर नाही.

दर रविवारी नचिकेतचा व्हिडिओ कॉल यायचा. अण्णांना ऐकायला कमी येत असल्याने तो दुसऱ्या मजल्यालाही यायचा.

"अण्णा, गोळ्या घेताय ना वेळेवर?"

"एक वाया जात नाही."

"फरक?"

"जमीन-अस्मानाचा! जिना एका दमात चढून होतो."

लिमये खोटं बोलत नाहीत. फक्त जिना कोण चढतं ते सांगत नाहीत.

मी एकदा छेडलंच. "अण्णा, पोराला खरं सांगा. उगाच भुर्दंड त्याला."

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. "हिच्याशी तो तासतास बोलायचा. माझ्याशी काय बोलणार? हवा कशी आहे, जेवलात का, झालं. मग हे गुडघे निघाले. आता दर रविवारी विचारतो. कधी दुखतं, कुठे दुखतं, गोळी जेवणाआधी की नंतर. पुष्कळ बोलतो हो." मग थांबून म्हणाले, "मला चालत नाही म्हटलं की गोळ्या बंद. आमचा तेवढा एकच विषय आहे, सामंत."

त्या दिवशी 'विषय संपला' हे शब्द त्यांच्या तोंडून आले नाहीत.

आणि मग नचिकेत दिवाळीला येतो म्हणाला. एकटाच, आठवड्यासाठी. "अण्णा, आता तुमचे गुडघे छान झालेत, तर एका सकाळी पर्वती चढू. लहानपणी न्यायचात तशी."

अण्णांचं धाबं दणाणलं. तीन मजले चढताना नारळ फुटतो, पर्वती चढताना तर तोफा धडाडल्या असत्या. दुसऱ्या दिवसापासून ते पार्किंगमधल्या एकाच पायरीवर चढ-उतार करायला लागले. बाजूला गृहस्थ बसलेले, आपलं काय शिकवायचं राहिलंय अशा चेहऱ्याने.

ठरल्या सकाळी मला हुकूम झाला, "तुम्ही चला. पडलो तर उचलायला माणूस हवा." रिक्षात मी, नचिकेत, अण्णा आणि अण्णांच्या मांडीवर, पाय धुतलेले गृहस्थ.

"यांना कशाला?" नचिकेतने विचारलं.

"यांना सवय आहे चढायची," अण्णा म्हणाले.

पर्वतीच्या पायऱ्या रुंद, पण अण्णांना प्रत्येक पायरी ओटा वाटत होती. माझा दंड त्यांनी असा धरला होता, की तो हात आजही दुसऱ्यापेक्षा लांब आहे. गृहस्थ केव्हाच पुढे पळालेले. निम्म्यावर अण्णांचा चेहरा पांढरा पडला. आता ते बोलणार, सगळं सांगणार, असं मला दिसत होतं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अण्णा, तुम्ही व्हा पुढे."

नचिकेत पायरीवर बसला होता. डोक्यावर निम्मे केस पांढरे, दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरलेला.

"काय झालं रे?"

"दुखतो. वर्ष झालं. मी पण त्याच गोळ्या घेतोय. तुम्हाला एवढा फरक पडला म्हणून सुरू केल्या. मला काहीच होत नाही."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग वर हात केला. सगळ्यात वरच्या पायरीवर गृहस्थ उभे होते, शेपूट हलवत, हे लोक अजून का येत नाहीत म्हणून बघत.

"फरक त्यांना पडला," अण्णा म्हणाले. "तुझ्या गोळ्या त्यांनी खाल्ल्या. सगळ्या. मला शिंपला चालत नाही रे."

शेजारून चढणाऱ्या एक बाई थांबल्या, आमच्याकडे बघून पुढे गेल्या. नचिकेतने कुत्र्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. "मग सांगितलं का नाही?"

कठड्याला धरून, गुडघे कडाकडा वाजवत, अण्णा त्याच्याशेजारी टेकले. सदऱ्याच्या खिशातून, भिंगाच्या मागून, तेलाची चपटी बाटली काढली. तिचं लेबल पूर्वीच वाचून झालेलं असणार. मुलाची विजार गुडघ्याच्या वर गुंडाळली आणि तळहातावर तेल घेऊन चोळायला लागले.

"अण्णा, लोक बघतायत."

"बघू देत. पाय सरळ कर."

नचिकेतने पाय सरळ केला. मग त्याने वडिलांच्या हातावर हात ठेवून तो थांबवला.

"आणि तुमचे? खरं सांगा, किती दुखतात?"

अण्णांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार ते वाक्य, विषय संपला. पण अण्णा म्हणाले, "रात्री जास्त. ही गेल्यापासून."

आणि सांगायला लागले.

गृहस्थ खाली उतरून आले होते. मी त्यांना खूण केली आणि आम्ही दोघं जरा लांबच्या पायरीवर जाऊन बसलो.