पाणमांजरांचा मोठा कॅमेरा

एका जंगलात एक डोह होता आणि त्या डोहात पाणमांजरांचं एक कुटुंब राहत होतं. मुलांनो, पाणमांजर म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर शेजारच्याला विचारा, मला मध्येच तोडू नका. एवढंच लक्षात ठेवा की ते पाण्यात जेवतं, पाण्यात खेळतं आणि काठावर नुसतं झोपायला येतं. गोष्ट समजायला एवढं ज्ञान पुरे आहे. आमच्या कुटुंबप्रमुखांच्या तेवढंही लक्षात राहिलं नाही, म्हणून तर गोष्ट झाली.

कुटुंबप्रमुखांचं नाव मुरारराव. त्यांच्या बायकोचं नाव गिरजाबाई. त्यांना तीन पिल्लं होती. तिन्ही एका जागी कधी थांबायची नाहीत, अगदी तुमच्यासारखी.

एके दिवशी काठावरच्या अर्जुनाच्या झाडाला दरबाराची जाहीर सूचना लागली. तिच्यात लिहिलं होतं की, या डोहात कुणी राहत असल्याची नोंद दरबारात नाही. सबब हा डोह दाजीसाहेब रानडुक्कर यांना चिखलस्नान केंद्र काढण्यासाठी देण्याचं योजलं आहे. कुणाची हरकत असल्यास त्याने पंधरा दिवसांत डोहातल्या वास्तव्याचा फोटो सादर करावा.

गिरजाबाईंनी सूचना वाचली आणि मुराररावांना हाक मारली. त्या याच डोहात जन्मल्या होत्या. त्यांची आईही इथलीच.

"अहो, आपण तर इथेच राहतो," त्या म्हणाल्या. "दरबाराला दिसलं कसं नाही?"

"दरबार पाण्यात उतरत नाही," मुरारराव म्हणाले. "आपल्याला फोटोच काढावा लागेल. चल, कॅमेरा घेऊ."

इथपर्यंत मुरारराव शहाणे होते. हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

दोघं मुंगूसशेठच्या दुकानात गेले. दुकानात दोनच कॅमेरे होते. पहिला लहानसा, पिवळा, साबणाच्या वडीएवढा. मुंगूसशेठनी तो उचलला आणि धाडकन जमिनीवर आपटला. मग पाण्याच्या घागरीत टाकला. मग बाहेर काढून त्यानेच गिरजाबाईंचा फोटो घेतला.

"हा आपटा, बुडवा, वाळूत लोळवा," शेठ म्हणाले. "ह्याला काही होत नाही. तुमच्यासारख्यांसाठीच केलाय."

"आमच्यासारख्यांसाठी म्हणजे?" मुरारराव जरा ताठ झाले.

शेठ अनुभवी दुकानदार होते. त्यांनी पिवळा कॅमेरा बाजूला ठेवला आणि आतून दुसरा आणला. तो काळा, वजनदार. त्याला बटणं इतकी की मोजता मोजता पिल्लू झोपी जावं. पुढे भोपळ्याएवढी लेन्स. मागे आणखी दोन लेन्स, तिपाई आणि एक बॅग.

"हा डीएसएलआर," शेठ हळू आवाजात म्हणाले. "हात पुसून मगच लावा."

मुराररावांनी हात पुसले. आयुष्यात पहिल्यांदा पुसले. मग त्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवून पाहिला आणि आरशात स्वतःकडे पाहिलं. मुलांनो, खरं तर गोष्ट इथेच संपली होती. पण तुम्ही खाली मांडी घालून बसला आहात तर पुढचं सांगतो.

गिरजाबाईंना पिवळा आवडला होता. "भावजी, हा एक दिवस वापरून बघू का?" त्यांनी विचारलं. "न्या की वहिनी," शेठ म्हणाले.

गिरजाबाईंनी कॅमेरा दातात धरला आणि थेट डोहात सूर मारला. मागोमाग पिल्लं. पाण्याखाली त्यांनी फटाफट फोटो काढले. त्यातला एक शेठनी छापून दिला. एक पिल्लू मासा पळवतं आहे. दुसरं त्याची शेपूट ओढतं आहे. तिसरं कॅमेऱ्याला नाक लावून बघतं आहे. कोपऱ्यात मुराररावांचा मागचा भाग. फोटो थोडा गढूळ होता आणि मध्ये एक बुडबुडा आला होता. पण कुणीही बघितलं तरी म्हणालं असतं, ही मंडळी इथे राहतात बरं का.

गिरजाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तो फोटो छातीशी धरला. "झालं काम!" त्या म्हणाल्या.

काम झालं नव्हतं. कारण त्या जंगलात एक रीत होती. वस्तू कुठलीही घ्या, आधी बगळे सरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. घेतली तर सर रुसत नसत, पण नंतर जन्मभर 'मला विचारायचं होतंत' म्हणत.

बगळे सर डोहाच्या टोकाला एका पायावर उभे असत आणि कॅमेऱ्यांविषयी बोलत. त्यांचा स्वतःचा कॅमेरा नव्हता. पुढचं मॉडेल येणार होतं म्हणून ते थांबले होते. बारा वर्षं थांबले होते.

सरांनी गिरजाबाईंचा फोटो लांब धरून पाहिला. मग जवळ धरून पाहिला. मग डोळे मिटले.

"कडा बोथट आहेत," ते म्हणाले. "काळोख्या भागात दाणे आलेत. पार्श्वभूमी धूसर व्हायला हवी होती, ती झाली नाही. पिल्लं धूसर व्हायला नको होती, ती झाली."

"पण सर, आम्ही दिसतोय ना?" गिरजाबाई म्हणाल्या.

"बाई, दिसणं वेगळं आणि फोटो वेगळा," सर म्हणाले. "दरबारात जाणार हा कागद. तिथे खेळण्यातल्या कॅमेऱ्याचा फोटो दाखवाल? मुरारराव, माणसाने आपली पायरी ओळखून वस्तू घ्यावी."

मुरारराव माणूस नव्हते, पण त्यांना ते पटलं. त्यांनी त्याच दिवशी पिवळा परत केला आणि काळा आणला.

डीएसएलआर घरी आला. गिरजाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. वाहायलाच हवं होतं, वस्तू मोठी होती. मग मुराररावांनी पुस्तिका वाचली. पुस्तिकेत लिहिलं होतं, पाण्यापासून दूर ठेवा.

"दूर म्हणजे किती?" गिरजाबाईंनी विचारलं.

मुराररावांनी डोहाकडे पाहिलं. घर डोहाला लागून. समोर पाणी, बाजूला पाणी. बिळात फक्त मागची झोपायची खोली कोरडी होती. तिथे कॅमेरा ठेवला. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सगळ्यांनी बाहेर झोपायचं ठरलं. ओल्या अंगाने घरात येणं बंद झालं. पिल्लांनी आधी उन्हात वाळायचं, मग वडिलांना पाठ दाखवायची, मग आत यायचं. चार दिवसांत पिल्लं पाण्यात जायलाच कंटाळली. कोण सारखं वाळत बसणार?

"अहो, फोटो कधी काढायचा?" गिरजाबाई रोज विचारायच्या.

"उजेड बघावा लागतो," मुरारराव म्हणायचे. हे त्यांना बगळे सरांनी शिकवलं होतं. सरांच्या मते सकाळी पाव तासच खरा उजेड असतो. बाकी दिवसभर नुसतं ऊन.

शेवटी एका सकाळी काठापासून वीस पावलांवर तिपाई उभी राहिली. बगळे सर देखरेखीला आले. गिरजाबाई आणि पिल्लं पाण्यात उतरली.

"हलू नका!" मुरारराव ओरडले.

मुलांनो, पाण्यातल्या पाणमांजराला हलू नको म्हणणं म्हणजे तुम्हाला गप्प बसा म्हणण्यासारखं आहे. पहिल्या फोटोत एका पिल्लाची मिशी आली. दुसऱ्यात नुसते तरंग आले. तिसऱ्याच्या वेळी पिल्लाने शेपूट आपटली आणि एक थेंब उडाला. तो वीस पावलं येणं शक्य नव्हतं. तरी मुराररावांनी कॅमेऱ्यावर स्वतःला झोकून दिलं.

"सगळे बाहेर या!" ते म्हणाले. "आधी नुसत्या डोहाचा एक चाचणी फोटो घेतो. पाणी शांत होऊ दे."

पाणी शांत झालं. उजेड सोन्यासारखा पडला. मुराररावांनी बटण दाबलं.

आणि काय सांगू, तो फोटो खरोखर अप्रतिम आला. तळाचा दगड न् दगड दिसत होता. अर्जुनाच्या पानावरची मुंगी दिसत होती. बगळे सरांनी चुकून दुसरा पाय खाली टेकवला, इतके ते भारावले.

"मुरारराव, हा खरा फोटो," ते म्हणाले. "आता ह्यात गर्दी करू नका."

"अहो, पण आपण कुठे आहोत ह्यात?" गिरजाबाई म्हणाल्या.

"आपण कॅमेऱ्याच्या मागे आहोत," मुरारराव म्हणाले.

पुढचे दिवस धुकं पडलं. धुक्यात कॅमेरा बॅगेबाहेर काढायचा नसतो. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखा तोच एक फोटो होता.

दरबार भरला. वनराज सिंह उंचावर जांभया देत बसले होते. कामकाज कोल्हे भाऊसाहेब बघत होते. सगळे कागद त्यांच्याकडे होते आणि सगळे नियम त्यांच्या तोंडात. एका बाजूला दाजीसाहेब रानडुक्कर नवा फेटा बांधून बसले होते.

मुराररावांनी फोटो पुढे केला. तो हातोहात फिरला. "वा! वा!" सगळे म्हणाले. वनराजांनीही एक जांभई अर्ध्यावर थांबवली. मुराररावांची छाती फुगली.

"झकास फोटो," दाजीसाहेब म्हणाले. "तळाचा खडासुद्धा दिसतोय. भाऊसाहेब, एवढं सगळं दिसतंय, तर पाणमांजर असतं तर दिसलं नसतं का?"

"लिहून घेतो," भाऊसाहेब म्हणाले. "डोह रिकामा. पुरावा खुद्द हरकतदाराने दिला."

मुराररावांची छाती खाली बसली. गिरजाबाई मात्र पुढे सरसावल्या. त्यांनी पिवळ्या कॅमेऱ्याचा तो फोटो जपून ठेवला होता. त्यांनी तो भाऊसाहेबांसमोर ठेवला.

"भाऊसाहेब, हे बघा. ही माझी पिल्लं. हा आमचा डोह. हे ह्यांचं... हेसुद्धा हजर आहेत."

भाऊसाहेबांनी फोटो पाहिला. "वहिनी, तुमच्या घरात एवढा भारी कॅमेरा आहे?"

"आहे."

"मग हा गढूळ फोटो का आणला? चांगला कॅमेरा असताना अस्पष्ट फोटो कोण काढतो? ज्याला काहीतरी लपवायचं असतं तो. हा बनावट दिसतोय."

"आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत!" गिरजाबाई कळवळून म्हणाल्या. "ही बघा ना पिल्लं. ह्यांना हात लावून बघा!"

भाऊसाहेबांनी एका पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवला. मग हात स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "शिवाय तुम्ही आत्ता दरबारात आहात, म्हणजे डोहात नाही. पुढचं प्रकरण घ्या."

डोह गेला. गिरजाबाई परत आल्या. त्यांनी पिल्लांना शेवटचं एकदा डोहात उतरवलं आणि त्या काठावर बसून रडल्या. मुलांनो, मी चेष्टा करतोय खरी, पण हे सांगताना मलाही बरं वाटत नाही.

कुटुंब डोंगरापलीकडच्या ओढ्यात राहायला गेलं. ओढा पावसाळ्यात वाहत असे आणि बाकीचे दिवस ओढा असल्याची आठवण करून देत असे. मुरारराव करवंदीच्या जाळीत कॅमेरा पुसत बसत. इथे बुरशीची भीती अजिबात नव्हती, एवढं त्यांना समाधान होतं.

महिन्याभराने दाजीसाहेबांचा निरोप आला. निरोप घेऊन स्वतः बगळे सर आले होते. त्यांना केंद्राच्या सल्लागार मंडळावर घेतलं होतं.

"परवा केंद्राचं उद्घाटन आहे," सर म्हणाले. "दाजीसाहेब म्हणाले, फोटो काढायला मुरारराव हवेत. तसला कॅमेरा अख्ख्या जंगलात कुणाकडे नाही. तुमचं नाव झालंय हो."

मुराररावांनी बायकोकडे पाहिलं. "जाऊ का गं? सन्मानाने बोलावलंय."

"जा," गिरजाबाई म्हणाल्या. "हात पुसून जा."

मुरारराव गेले. तिपाई उभी केली. उजेड बघितला. डोहाचा आता चिखल झाला होता, आणि त्या चिखलात दाजीसाहेब फेट्यासकट पसरले होते. त्यांना हलू नका म्हणावं लागलं नाही. ते जन्मजात स्थिर होते.

फोटो इतका सुरेख आला की दाजीसाहेबांचा केस न् केस मोजून घ्यावा. तो मोठा करून केंद्राच्या फाटकावर लावला. खाली ओळ लिहिली, 'या डोहाचे मूळ रहिवासी'. त्याखाली बारीक अक्षरात, छायाचित्र : मुरारराव पाणमांजर.

मुराररावांनी त्याची एक प्रत घरी नेली. गिरजाबाईंनी ती बराच वेळ पाहिली.

"बघ, कडा किती धारदार आल्यात," मुरारराव म्हणाले.

"हो," गिरजाबाई म्हणाल्या. "आपलं घर किती स्पष्ट दिसतंय."

तात्पर्य : तुम्हाला वाटलं असेल की मी म्हणेन, कामाला जुळेल तीच वस्तू घ्यावी. अजिबात नाही. मुलांनो, कॅमेरा नेहमी मोठाच घ्यावा. पुढेमागे आपलं घर दुसऱ्याचं झालं, तर निदान त्याचा फोटो तरी चांगला येतो.