न्हाणीमागचा नवरंग

शौनक तसा थापाड्या नव्हता. थाप मारायला जी चपळाई लागते ती त्याच्याकडे नव्हती, एवढंच. पण आयुष्यात एकदा मारली, आणि तीही कांदेपोह्यांची बशी हातात असताना, रोह्याजवळ वरसेला, उर्वीच्या घरी.

शौनक पेणला सरकारी कचेरीत क्लार्क. उर्वी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. डिसेंबरातला बघण्याचा कार्यक्रम. उर्वीचे आजोबा मोरोपंत पगार, प्रमोशन, घराचा सातबारा असे सावकाश पुढे सरकत होते. शौनकची आई, वृंदाताई, प्रत्येक उत्तर त्याच्याआधीच देत होती. तेवढ्यात उर्वीने विचारलं,

"तुमच्याकडे कोणते पक्षी येतात?"

शौनकला कावळा ओळखता यायचा. चिमणीही, जवळ आली तर. हे खरं सांगावं का, या विचारात त्याची नजर तिच्या डोक्यामागच्या कॅलेंडरवर गेली. बारा महिने, बारा पक्षी. जूनच्या खणात एक रंगीबेरंगी पाखरू उभं होतं आणि खाली ठसठशीत अक्षरात नाव होतं.

"नवरंग," शौनक म्हणाला. "आमच्या परसात येतो. रोज."

"रोज?"

"म्हणजे, रविवार सोडून." (सरकारी नोकरीत माणसाची अशी सवयच होते.)

उर्वी हसली. ती इतकी छान हसली की आपण काय बोलून बसलो हे शौनकच्या लक्षात यायला परतीच्या वाटेवर वडखळ यावं लागलं.

उर्वीची अट होती, आधी काही महिने भेटू, मग ठरवू. त्याप्रमाणे दर रविवारी शौनक इस्त्रीचा शर्ट घालून पेणहून रोह्याच्या गाडीत बसू लागला. त्याच्या मित्रांनी त्याला हॉटेल, सिनेमा, असलं बरंच सुचवून ठेवलं होतं. उर्वी त्याला कुंडलिकेच्या काठी घेऊन जायची आणि करंजाच्या झाडाखाली बसवायची. मग ती कानांवर मोठे हेडफोन चढवायची, मायक्रोफोनला एक केसाळ टोपी घालायची आणि पाखरांचे आवाज टिपायची. मायक्रोफोन चालू असला की बोलायचं नाही. खोकायचं नाही. वेफर्सचं पाकीट तर काढायचंही नाही.

एकदा तिने अचानक शौनकचा हात हातात घेतला. शौनक सावरून बसला. तिने त्याच्या मनगटावरचं घड्याळ सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि लांब नेऊन ठेवलं.

"टिकटिक येत होती," ती कुजबुजली.

नंतर मात्र तिने त्याचा हात पुन्हा हातात घेतला. तो घड्याळासाठी नव्हता.

ते दिवस आजही आठवले की शौनकला ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या हसू येतं. तासन् तास गप्प बसायचं, आणि गाडीची वेळ झाली की स्टँडवर भजी खाता खाता ती त्या दिवसाचे आवाज ऐकवायची. तेव्हा मात्र साधे इअरफोन, एक तिच्या कानात, एक त्याच्या. हा तांबट. हा सुभग. हा शिंपी. "आणि हा तू," ती म्हणायची. "पोटात कावळे ओरडतायत तुझ्या." शौनकला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या तारेच्या लांबीएवढ्या अंतरावर बसायला मिळतंय म्हटल्यावर त्याने आणखी शंभर पाखरं ऐकली असती. तो तिच्यात पुरता गुंतला होता. आणि म्हणूनच मे महिना जवळ यायला लागला तशी त्याची झोप उडाली.

कारण नवरंग कोकणात मेच्या अखेरीला येतो. हे त्याला उर्वीनेच सांगितलं.

"मी तुमच्याकडे रेकॉर्डर लावते," ती म्हणाली. "नवरंग मला अजून एकदाही मिळालेला नाही. आणि तुझ्याकडे रोज येतो."

"यंदा नाही आला तर?"

"का नाही येणार? रोजचा आहे ना?"

मेच्या शेवटच्या रविवारी ती पेणला आली. परसातल्या जांभळीला तिने एक प्लास्टिकचा डबा बांधला, त्यात रेकॉर्डर. तो रोज पहाटे आपला आपण चालू व्हायचा. आठवड्याने येऊन घेऊन जाईन म्हणाली. निघताना वृंदाताईंनी पापडांचं पाकीट दिलं, तेव्हा "नवरंगाच्या गावचे पापड" असंही म्हणाली. नवरंग नाही म्हणजे थाप उघडी, आणि थाप उघडी म्हणजे उर्वी गेली. ती मुलगी कानाने जगणारी होती. खोटा सूर तिला खपला नसता.

मग शौनकने फोनवर नवरंगाची शीळ शोधून काढली. दोन सुरांची. पहिला वर जाणारा, दुसरा उतरता. कचेरीतल्या रेकॉर्ड रूममध्ये दार लावून त्याने दोन दिवस सराव केला. (एक शिपाई मांजर अडकलंय म्हणून बघायला आला होता.) आणि बुधवारपासून तो पहाटे उठून, डब्यातून दिसू नये म्हणून न्हाणीघराच्या मागे उकिडवा बसून शीळ घालू लागला. डब्यात कॅमेरा नसतो, फक्त कान असतात, हे त्याला भीतीपोटी सुचलंच नाही.

रविवारी उर्वी डबा घेऊन गेली. सोमवारी तिचा फोन नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मेसेज आला: "संध्याकाळी येते. आईंनाही घरी थांबायला सांग."

शौनकने तीन वेळा दाढी केली.

उर्वी आली, पडवीत बसली आणि पिशवीतून एक छोटा स्पीकर काढला. शेजारच्या नंदाकाकू मीठ मागायला म्हणून आल्या होत्या, त्याही मीठ विसरून बसल्या. उर्वीने बटण दाबलं.

आधी कोंबडा. मग बादलीचा आवाज. मग शौनकची शीळ. मग पुन्हा शौनकची शीळ, मध्ये एक शिंक. आणि मग खुद्द नंदाकाकूंचा आवाज.

"वैनी, वाईट नका मानू, पण तुमचा शौनक रोज सकाळी न्हाणीमागनं शिट्ट्या मारतोय. आमची ऋतुजा आंघोळीला जाते ना, नेमकी तेव्हाच."

"अहो, ऋतुजासाठी कशाला मारेल? त्याची रोह्याची आहे की."

"मग रोह्याला जाऊन मारू दे."

पडवीत बसलेल्या नंदाकाकू पदराशी चाळा करू लागल्या. शौनकने खाली फरशीकडे बघितलं. फरशी दुभंगायचं काही लक्षण दिसत नव्हतं. स्पीकरमधल्या वृंदाताई पुढे बोलतच होत्या.

"त्या मुलीला पाखरांचं वेड आहे. हा बहुतेक काहीतरी थाप मारून बसलाय. प्रगतिपुस्तक लपवायचा तेव्हाही असाच न्हाणीमागे जाऊन बसायचा."

"मग ती सोडून नाय जायची?"

"नको हो. सहा महिने बघतेय मी. रोह्याहून आला की हा एकटाच हसत असतो. इतक्या वर्षांत मी याला असा बघितला नव्हता. मला फार आवडलीये ती मुलगी. पण याच्या कर्माने..." आणि मग एकदम पट्टी चढवून, "शौनक, दूध उतू गेलं बघ. पुरे आता तुझी शीळ!"

उर्वीने बटण दाबलं. वृंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला होता, तो लाजेने की कशाने ते त्यांनाच ठाऊक.

"मी खोटं बोललो," शौनक म्हणाला. "कॅलेंडरवर बघून."

"ते मला पहिल्या शिळेलाच कळलं. राग आला होता. दोन दिवस होता," उर्वी म्हणाली. "आता शेवटचं ऐका. अगदी शांत बसा."

पुन्हा शौनकची शीळ. मग शांतता. आणि मग लांबून, कुंपणापलीकडच्या ओढ्याकडून, दोन सूर आले. पहिला वर जाणारा, दुसरा उतरता. इतके स्वच्छ की नंदाकाकूंनीही मान वर केली.

"हा खरा," उर्वी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुला उत्तर देतोय. त्याला वाटलं, कोणी दुसरा नर जागा बळकावायला आलाय."

"म्हणजे येतो आमच्याकडे?"

"तुझ्यामुळे आला. पहाटे उठून माझ्यासाठी न्हाणीमागे उकिडवा बसणारा माणूस मला परत कुठे मिळणार आहे?" मग वृंदाताईंकडे वळून म्हणाली, "आई, मलाही तुम्ही आवडलात. तारीख काढायची का?"

याला नऊ वर्षं झाली. वृंदाताई गेल्या त्यालाही आता दोन वर्षं होतील. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण आवाज तेवढाच आहे, त्या एका आठवड्याचा. दरवर्षी मे संपत आला की उर्वी स्पीकर काढते आणि तिघं पडवीत बसून ऐकतात. शौनकची मुलगी ईरा "दूध उतू गेलं बघ" हे आजीच्या बरोबरीने म्हणते, अगदी तशीच पट्टी चढवून. शौनकला तेव्हा भरून येतं आणि तो पाणी प्यायचं निमित्त करून आत जातो. काही वेळा तर दूध खरंच बघून येतो.

उर्वीने त्यातला शौनकच्या शिळेचा आणि पाखराच्या उत्तराचा तुकडा तेवढा जगभरच्या पक्षिवेड्यांच्या एका वेबसाइटवर चढवला होता. शौनकला याचा अभिमान होता. आपली शीळ परदेशात ऐकली जाते असं तो ऑफिसात सांगायचा. यंदा त्याने ते पान पहिल्यांदाच उघडून बघितलं. खाली कुणा तज्ज्ञाने शेरा मारला होता: "दूरचा पक्षी निरोगी, प्रौढ नर. जवळचा मात्र आजारी वाटतो, किंवा पिंजऱ्यात वाढलेला असावा."

त्याखाली उर्वीचं उत्तर होतं: "पिंजऱ्यातलाच आहे. हल्ली माझ्याकडे असतो. खातोपितो नीट, आवाजात सुधारणा नाही."