पडलेलं कपाट

सुताराने शाळेसाठी कपाट केलं ते जीव ओतून. सागवानी, चार कप्प्यांचं, दार बोटाने ढकललं तरी आवाज न करता मिटणारं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, आधीच सांगून ठेवलं होतं की कपाट धड पोचलं तर तीस बाकांचं काम त्यालाच. गेल्याच महिन्यात दोरी सैल होऊन एका गिऱ्हाइकाचं टेबल गाडीत घासलं होतं. म्हणून या खेपेला सुताराने पिकअपच्या हौद्यात बसवायच्या चार पोलादी कड्या आणि पट्टे मागवले. एक कडी पाचशे किलोचा ओढा सहन करते, असं खोक्यावर छापलेलं होतं.

कड्या बसवायला साडू आला. साडू मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकलेला होता आणि जे शिकला होता ते सगळं दुसऱ्याच्या घरी करत असे. सुताराच्या बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की हौद्यात नऊ वर्षं रबरी चटई पडलेली आहे. ती उचलून खालचा पत्रा एकदा वेल्डरला दाखवावा. त्यावर साडू हसला. वेल्डरला दाखवलं की तो वेल्डिंगच सांगणार, हे त्याचं मत होतं. सुतारालाही ते पटलं, कारण चटई उचलायची म्हणजे हौद्यातलं कडेचं सामानही काढावं लागलं असतं.

मग चटईवरूनच ड्रिल चालवलं. ते इतकं अलगद आत गेलं की लोण्यात सुरी जावी. साडूने याचं श्रेय आपल्या मशीनला दिलं. खालून तांबडा भुगा पडला, तर तो म्हणाला की हा जुना रंग. काम संपलं तेव्हा खोक्यात चार जाड चौकोनी लोखंडी पट्ट्या उरल्या.

"या कशाच्या?" बायकोने विचारलं.

"पत्र्याखालून लावायला देतात, ताई. पण ते नवख्यांसाठी."

कपाट हौद्यात आडवं निजवलं, पाय मागच्या बाजूला. पट्टे असे आवळले की कपाटासकट गाडी उचलता आली असती. एवढं बांधल्यावर मागचं फाळकं लावणं साडूला कमीपणाचं वाटलं. कपाटाचे पायही थोडे बाहेर येत होते, तेव्हा ते उघडंच राहिलं. तिघं पुढे दाटीवाटीने बसले. सुताराने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले मागे वळून बघत होते.

शाळेचं फाटक चढावर होतं आणि चढावरच गतिरोधक होता. मोठ्या बाई फाटकात येऊन उभ्या होत्या. चाकं उंचवट्यावर चढली आणि मागून काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. चारही कड्या जागच्या हलल्या नव्हत्या, त्यांची जागाच गाडी सोडून निघाली होती. चटई फाडून, पत्र्याचे चार गंजके तुकडे बरोबर घेऊन कपाट पायांकडून घसरलं आणि रस्त्यावर टेकलं. सुताराने घाबरून ब्रेक दाबला, मग सोडला, गाडी चढावरून वीतभर मागे आली, आणि त्या धक्क्याने कपाट सावकाश उठून ताठ उभं राहिलं.

सुतार उतरला, पण त्याच्याने तिकडे बघवेना. मोठ्या बाईंनी कपाटाला एक फेरी घातली. दार उघडलं, मिटलं. आवाज नाही. लाकडावर ओरखडासुद्धा नाही.

"कड्या सुटल्या नाहीत, हे बघितलंत ना?" साडू म्हणाला.

आधीच्या सुताराचं कपाट वर्गात नुसतं उभं असताना मोडलं होतं, हे गाडीतून पडूनही उभं आहे, असं मोठ्या बाईंनी मोठ्या आदराने सांगितलं. सुतार प्रामाणिक माणूस. हे नशीब होतं, असं तो पुटपुटला. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. तीस बाकं त्यालाच दिली, फक्त एक अट घातली. प्रत्येक बाक त्यांच्यासमोर असंच गाडीतून ढकलायचं. टिकेल ते घ्यायचं.

सुताराच्या डोळ्यांसमोर बाकांचे एकशेवीस पाय आले. तेवढ्यात बायको पुढे झाली.

"बाई, ढकललेलं बाक म्हणजे वापरलेलं झालं. शाळेला वापरलेलं चालतं?"

मोठ्या बाई विचारात पडल्या. सामान नवंकोरंच घ्यायचं, हा नियम त्यांनीच कार्यालयाच्या भिंतीवर लावला होता. त्यांनी अट मागे घेतली. सुताराचा जीव भांड्यात पडला आणि त्याने बायकोकडे असं पाहिलं, की तसं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असावं.

बाई मात्र अजून कपाटाकडे बघत होत्या.

"मग हेही वापरलेलंच झालं की," त्या म्हणाल्या. "हे घेऊन जा. बाकांबरोबर नवं आणा."

बायकोने हात पुढे करून गाडीची किल्ली घेतली. साडूला आठवलं की त्याला इथेच जवळ काम आहे. पिकअप हळूहळू उतार उतरू लागली. मागे हौद्यात सुतार कपाटाला मिठी मारून उभा होता, आणि पायाशी पडलेल्या चार भोकांतून त्याला खालचा रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता.