अकराव्या मिनिटाचा बिघाड

रविवारी संध्याकाळी पाच वाजून अकरा मिनिटांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर मुलाचा चेहरा गोठला. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, जणू शिंक मध्येच अडकली आहे. पाठोपाठ त्याच्या बरोबर नाकावर एक करडी चौकट येऊन बसली. चौकटीत लिहिलं होतं : ‘मेमरी अपुरी आहे. कृपया काही प्रोग्रॅम बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’

तपासनिसांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. वाचायची गरज नव्हती. सलग एकोणिसावा रविवार होता. त्यांनी शेजारची वही ओढली, तारीख घातली, वेळ घातली आणि ‘दोषाचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं : ‘मागीलप्रमाणे.’

तपासनिसांची उभी नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. एकतीस वर्षांत शहरातली अशी एक लिफ्ट उरली नव्हती जिच्या टपावर ते बॅटरी घेऊन उभे राहिले नव्हते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुद्दाम लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. लोक विचारत, तर सांगत, “लिफ्टमध्ये शिरलो की मला नको ते आवाज ऐकू येतात.” त्यांचा कामाचा एकच नियम होता : दोष निकाली निघेपर्यंत त्याचा एकही कागद मिटायचा नाही. मिटलेला कागद म्हणजे विसरलेला कागद, आणि विसरलेला कागद म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेला माणूस. त्यांच्या टेबलावर एकेका वेळी साठ-साठ फायली आ वासून पडलेल्या असत, पण त्यांच्या हद्दीत माणूस कधी अडकला नाही.

बायको असेपर्यंत कॉम्प्युटर हा विषय तिचा होता. मुलगाही तसा तिचाच होता. तो दूरदेशी राहायला गेल्यापासून सोळा वर्षं त्याच्याशी बोलायचं काम तिने केलं. तपासनिसांच्या वाट्याला फक्त फोन उचलणं यायचं. उचलून म्हणायचं, “हां. बरा आहेस ना? आईला देतो.” एवढ्यात बाप म्हणून जे काही सांगायचं ते सांगून होत असे. ती गेल्यानंतर पहिल्यांदा फोन वाजला, तेव्हाही ते सवयीने म्हणून गेले, “हां. बरा आहेस ना? आईला देतो.” मग फोन कानापासून लांब धरून तसेच उभे राहिले. पलीकडून मुलगाही काही बोलला नाही. दोघांनी ते दीड मिनिट कसंबसं काढलं.

पुढे मुलानेच ठरवलं की दर रविवारी पाच वाजता कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलायचं. चेहरा दिसला की शब्द फुटतील, असा त्याचा हिशेब. शब्द काही फुटेनात. हवा कशी आहे, इकडे बरी आहे, तिकडे कशी आहे, तिकडेही बरी आहे. हवेने दोन्ही घरांवर फार उपकार केले. तपासनिसांच्या मनात एक प्रश्न होता. मुलगा एकोणचाळीस वर्षांचा, लग्न केलेलं नाही, घरात दुसरं माणूस नाही. त्याला विचारायचं होतं, “तू तिथे एकटा कसा राहतोस रे?” वाक्य सोपं होतं. जिभेवर यायला मात्र त्याला दहा मिनिटं लागायची, आणि अकराव्या मिनिटाला करडी चौकट यायची.

म्हणून हा बिघाड काढलाच पाहिजे, असं तपासनिसांनी मनावर घेतलं होतं. एकदा यंत्र सुरळीत झालं की प्रश्न विचारायचा. पडद्यावर अर्धी शिंक घेऊन थांबलेल्या माणसाला असलं काही विचारता येत नाही.

चौकट आली की पाच मिनिटांत मुलाचा फोन येई. आजही आला.

“आला का मेसेज?”

“आला.”

“काय लिहिलंय?”

“तेच. कृपया म्हणतोय. यंत्र उद्धट नाही, एवढंच समाधान.”

“मी मागच्या आठवड्यात पाठवलेलं वाचलंत? त्यातलं सहाव्या नंबरचं?”

“सगळं वाचलं. सहाव्याने केलं, सातव्यानेही केलं. आठवा म्हणतो, सहावा आणि सातवा दोघंही मूर्ख आहेत.”

“थांबा, आणखी दहा-बारा ठिकाणी बघतो. लिंक पाठवतो.”

असं चाळीस-चाळीस मिनिटं चाले. फोन ठेवला की तपासनिसांना वाटे, बघा, आजचाही रविवार या बिघाडाने खाल्ला.

तळमजल्यावर एक निवृत्त दातांचे डॉक्टर राहत. त्यांनी जन्मभर लोकांच्या तोंडात हात घालून बोलल्यामुळे समोरचा उलट उत्तर देतो ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. तपासनिसांनी त्यांना जिन्यात गाठून सगळी हकिगत सांगितली.

“जागा नाही म्हणतंय ना?” डॉक्टर म्हणाले. “अक्कलदाढेचंही तेच असतं. काढून टाका.”

“काय काढू?”

“जे कामाचं नाही ते. ठेवलं की ठणकतं.”

तपासनिसांना हे पटलं, कारण लिफ्टचाही तोच न्याय. आत पाटी असते : आठ माणसे, पाचशे चव्वेचाळीस किलो. नववा चढला की लिफ्ट हलत नाही. मग वाद न घालता कुणाला तरी उतरवायचं. डॉक्टर आणि तपासनीस असे दोघे सलग तीन दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून माणसं उतरवत होते. चित्र काढायचा प्रोग्रॅम गेला. पत्त्यांचे डाव गेले. एक जगाचा नकाशा होता, तो गेला. “हे कशाचं?” असं विचारल्यावर दोघांनाही सांगता आलं नाही, की ते आधी उतरे.

पुढच्या रविवारी पाच वाजता मुलगा पडद्यावर आला, हसला, आणि माशासारखं नुसतं तोंड हलवू लागला. तपासनिसांनी कानामागे हात धरला. मुलाने कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं : ‘आवाज येत नाही.’

तपासनिसांनी वहीचं पान फाडून लिहिलं : ‘काढून टाकला असेल.’

मुलगा : ‘कुणी?’

तपासनीस : ‘डॉक्टरांनी.’

मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याने इतक्या घाईने लिहिलं की कागद फाटला : ‘कोणते डॉक्टर? काय झालंय तुम्हाला? मला का नाही सांगितलं?’

तपासनिसांनी शांतपणे लिहिलं : ‘दातांचे.’ तो कागद काचेला लावून धरला असतानाच पाच वाजून अकरा मिनिटं झाली आणि करडी चौकट आली. आवाज काढून टाकूनही ती यायची थांबली नव्हती.

त्या दिवशी फोनवर मुलगा चिडला होता. “बाबा, आता तुम्ही काहीही काढू नका. घालूही नका. हातच लावू नका. दुरुस्तीवाल्याला बोलवा.”

“मी एकतीस वर्षं यंत्रांबरोबर काढली आहेत.”

“लिफ्ट वर जाते आणि खाली येते, बाबा. याला आणखीही कामं असतात.”

हे वाक्य तपासनिसांना लागलं. पण हौसेने लागलं, कारण उभ्या आयुष्यात मुलाने त्यांना मारलेला हा पहिला टोमणा होता.

दुरुस्तीवाल्या बाई बुधवारी सकाळी आल्या. पाठीला पिशवी, तोंडात पेचकस, चाळिशीच्या आसपासच्या. बसल्या त्या सरळ खुर्चीत, आणि पाणी हवं का विचारलं तर म्हणाल्या, “आधी पेशंट बघते, काका.” त्यांनी आवाज दहा मिनिटांत परत आणला. मग डिस्क उघडून बघितली आणि मागे रेलल्या.

“काका, हे कपाट तुम्ही रिकामं केलंत?”

“दोघांनी मिळून.”

“छान केलंत. पण तुमची तक्रार कपाटाची नव्हतीच. सामान ठेवायचं कपाट वेगळं, आणि काम करायचं टेबल वेगळं. मेमरी म्हणजे टेबल. त्याच्यावर पसारा झाला की काम थांबतं. कपाटातले कपडे फेकून टेबल साफ होतं का?”

“नाही,” तपासनीस म्हणाले. उदाहरण त्यांना फार अचूक वाटलं. त्यांनी ते वहीत घेतलं. “मग टेबलावर आहे काय?”

बाईंनी इंटरनेटची खिडकी मोठी केली. वरच्या कडेला टॅब एवढे दाटीवाटीने उभे होते की एकाचंही नाव दिसत नव्हतं. त्यांनी मोजायला सुरुवात केली, मग सोडून दिली, मग पुन्हा मोजले.

“एकशे त्र्याण्णव,” त्या म्हणाल्या. “सगळे उघडे. मशीन बंद करून चालू केलं तरी परत उघडतात, तशी सेटिंग केलेली आहे. कुणी केली?”

“मी. आठव्या लिंकमध्ये कृती होती.”

बाईंनी एक टॅब उघडून वाचला. दुसरा वाचला. मग पाच-सहा भराभर चाळले. त्यांच्या हातातला पेचकस हळूहळू खाली आला.

“काका, ही सगळी पानं मेमरी अपुरी का पडते याच्यावर आहेत.”

“अर्थात. तोच तर बिघाड आहे.”

“आणि ती सगळी उघडी असल्यामुळे मेमरी अपुरी पडते आहे. पहिला मेसेज कशाने आला होता देव जाणे, एखादं अपडेट आलं असेल त्या वेळेला. नंतरचे सगळे तुम्ही आणलेत. वाचून झाल्यावर बंद का नाही केलं एकेक?”

“दोष निघाला नव्हता ना,” तपासनीस म्हणाले. “तक्रार निकाली निघेपर्यंत मी कागद मिटत नाही.” मग थोडं थांबून, खिडकीकडे बघत म्हणाले, “आणि मुलगा पाठवायचा. शोधून शोधून. त्याने पाठवलेलं असं वाचलं आणि मिटलं, म्हणजे...”

बाईंनी माउस हातात घेतला. “एकदम बंद करू?” एवढंच म्हणाल्या.

“एकेक करा.”

त्यांनी एकेक केलं. त्याला तासभर लागला, कारण तपासनीस शेजारी उभे राहून प्रत्येकाला निरोप देत होते. “हे मार्चमधलं. तेव्हा त्याला सर्दी होती, आवाज बसला होता.” “हे त्याने दोनदा पाठवलं, विसरला होता पहिल्यांदा पाठवलेलं.” “हे वाचताना आम्ही फार हसलो. यात लिहिलंय, कॉम्प्युटर विकून टाका.” बाईंनी शेवटचा टॅब मिटला, मेमरीची एक नवी पट्टीही बसवली आणि म्हणाल्या, “आता हा मेसेज तुम्हाला पुन्हा दिसायचा नाही, काका. लिहून देते.” त्यांनी खरंच लिहून दिलं. तपासनिसांना निदानाखाली सही लागत असे.

रविवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पाचला पाच कमी असताना येऊन बसले. मुलगा पडद्यावर आला. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत.

“कशी आहे हवा?”

“बरी आहे. तिकडे?”

“बरी आहे.”

पाच वाजून दहा मिनिटं झाली. दोघंही घड्याळाकडे बघत होते, पण दोघांनीही तसं दाखवलं नाही. अकरा झाली. बारा झाली.

“आला का मेसेज?” मुलाने विचारलं.

“नाही.”

“वा. छान झालं.”

“हो. छान झालं. टेबलावर पसारा होता.” तपासनिसांनी टेबल आणि कपाट समजावून सांगितलं. त्यात तीन मिनिटं गेली. वीस रविवारांचं दुखणं तीन मिनिटांत सांगून संपलं, याचं त्यांना वैषम्य वाटलं. मग शांतता झाली. यंत्र आता इतकं चांगलं चालत होतं की मुलाच्या घरातल्या नळाचं ठिबकणंसुद्धा ऐकू येत होतं. ती शांतता त्यांच्या ओळखीची होती; दीड मिनिट फोन कानापासून लांब धरून उभे होते तेव्हाचीच. फक्त आता तिच्या आड यायला चौकट नव्हती.

तपासनिसांनी घसा साफ केला. “तू,” ते म्हणाले, “तू तिथे एकटा कसा राहतोस रे?”

“मजेत,” मुलगा म्हणाला.

झालं. एवढ्या दिवसांच्या प्रश्नाला अर्ध्या सेकंदाचं उत्तर. तपासनिसांनी मान हलवली. मुलानेही मान हलवली. आता कुणीतरी ‘बरं, ठेवू का’ म्हणायचं एवढंच उरलं होतं. पाच वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. तपासनिसांनी ते म्हणायला तोंड उघडलं.

“बाबा,” मुलगा एकदम म्हणाला, “माझा प्रिंटर बिघडलाय.”

“कधीपासून?”

“परवा. म्हणजे, आधीपासूनच थोडा. हल्ली जास्त.”

“काय करतो?”

“आवाज करतो. आणि छापत नाही. तुम्ही जरा बघता का?”

“दिवा लागतो?”

“बघतो थांबा. वायर टेबलाखालून आलीये.” मुलगा खुर्चीवरून उठला आणि टेबलाखाली शिरला.

खुर्ची रिकामी झाली तशी मागची खोली पहिल्यांदाच पूर्ण दिसली. इतके दिवस ती मुलाच्या डोक्यामागे होती. एक टेबल, त्याच्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा. दाराच्या खुंटीवर एक कोट. सोफ्याची एक बाजू बसून बसून दबलेली, दुसरी बाजू दुकानातून आणली तशी फुगलेली. आणि फडताळाच्या वरच्या कप्प्यात प्रिंटर. त्याच्या पाठीमागून लोंबणारी वायर नीट वेटोळं करून दोऱ्याने बांधलेली होती. गाठ कारखान्यातली होती. ती कुणी कधी सोडली नव्हती.

तपासनीस पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. यंत्राविषयी कोण खोटं सांगतो हे ओळखण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती.

“दिवा लागतोय, बाबा,” टेबलाखालून मुलाचा आवाज आला. “तांबडा.”

“तांबडा?”

“हो. मधेमधे हिरवा.”

तपासनीस त्या दोऱ्याच्या गाठीकडे बघत राहिले.

“मग गंभीर आहे,” ते म्हणाले. “वर ये, नीट बस, आणि पहिल्यापासून सांग. घाई करू नकोस. हे एका रविवारचं काम नाही.”