मुलींच्या शिक्षणासाठी मुली वर्गाबाहेर

मुलांनो, कल्पना करा. बाळकुमच्या एका शाळेत ‘मुलींचे शिक्षण आणि देशाची प्रगती’ हा कार्यक्रम आहे. विषय मुलींचा असल्यामुळे नववीच्या सगळ्या मुली वर्गाबाहेर आहेत. काही लेझीम घेऊन, काही स्वागतगीतासाठी, आणि त्यांच्यातली दक्षता औक्षणाचं तबक घेऊन सभागृहाच्या दारात. मुलगे वर्गात आहेत, कारण त्यांच्या सक्षमीकरणाची कोणालाच काळजी नाही.

“मॅडम, आज गणिताची चाचणी आहे,” दक्षता मुख्याध्यापिका कलावतीबाईंना म्हणाली. “हीपण बुडाली तर मी नापास.”

“अगं, तुझ्यासाठीच तर पाहुणे येतायत! फेटा सरळ कर.”

“मागच्या चाचणीलापण माझ्यासाठीच आलेले.”

“बघ, शाळा तुझ्यासाठी किती करते!”

अशा कार्यक्रमांमुळे मुलींचे गुण घसरले, तेव्हा शाळेने समिती नेमली होती. मुलींमध्ये शिक्षणाविषयी जागृती कमी आहे, सबब कार्यक्रम दुप्पट करावेत, असा निष्कर्ष समितीने काढला. कार्यक्रम दुप्पट झाले, गुण निम्मे झाले. आज त्या समितीचा सत्कार होता.

प्रमुख पाहुणे तानाजीराव नियमाप्रमाणे उशिरा आले. दक्षताने ओवाळलं. फोटो हलला, म्हणून पुन्हा ओवाळलं.

“बाळ, मोठेपणी कोण होणार?”

“इंजिनिअर. पण काका, वर चाचणी सुरू झालीय.”

“वा, काय धिटाई! हिला शेवटपर्यंत माझ्या शेजारी उभी करा.”

“मेलीस,” लेझीमवाली वर्षाली कुजबुजली. “अजून धीट बोललीस तर पुढच्या महिन्याचंपण बुकिंग होईल.”

दक्षताने तबक तानाजीरावांच्या हातात दिलं. “जरा धरा हं,” म्हणाली आणि जिना चढून गेली. हा कार्यक्रमाचाच भाग समजून सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

वर्गात सुदेश सर म्हणाले, “तुझी हजेरी खाली लागलीय. इथे तू अधिकृतपणे गैरहजर आहेस. मी काय करू?”

टेबलावर मुलींच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडला होता. दक्षताने तो अख्खा उचलला, खाली आली आणि भाषण चालू असताना मुलींना वाटू लागली. लेझीमा खाली ठेवल्या गेल्या. मुली स्टेजच्या पायऱ्यांवर लिहायला बसल्या.

सभागृह भारावलं. पुन्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. तुमचेही हात आता तयारच असतील.

दक्षताने मान वर केली, तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आवाज नको. चाचणी चालू आहे.”