मंगळासाठी रजई

रहमानचाचा दगड दिसला की त्यावर बोटांनी टकटक करतात आणि विचारतात, "अंदर कोनी हाय का बे?" मग कान लावून थांबतात.

अमरावतीत माझ्या खोलीखाली त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान आहे. मुलगी अकोल्याला दिलेली. चाची गेल्यापासून ते दुकानातच झोपतात. हल्ली लोक फोमच्या गाद्या घेतात, म्हणून चाचांना दगडांसाठी भरपूर वेळ असतो.

हे सुरू झालं माझ्या अभ्यासावरून. मी भूगर्भशास्त्र शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वर्गात ऐकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं. फार जुन्या दगडांत डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांच्या खुणा असतात. तशा मंगळावरच्या दगडात सापडल्या, तर तिथंही कधीकाळी जीव असतील, एवढंच मी म्हणालो. चाचांनी 'कधीकाळी' सोडून दिलं.

"तिथं थंडी किती?"

"खूप. आपल्याला सोसायची नाही."

"मंग पांघरते काय तो?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंगळासाठी रजई भरायला घेतली. भंगारातून एक मायक्रोस्कोप आणला. मोर्शीकडच्या नाल्यातल्या गारगोट्या घासून घासून पातळ चकत्या केल्या. आणि एका दुपारी खालून ओरडले, "बेटा, निंघाला! जीव निंघाला!"

मी पाहिलं. खरंच बारीक, पीळ पडलेला धागा होता. पुस्तकातल्या चित्रात जुने जीव असेच धाग्यांसारखे दिसतात. मलाही खरं वाटलं. ती चकती मी कॉलेजात मॅडमना दाखवली. त्यांनी एकदा डोळा लावला आणि विचारलं, "ही कापसाच्या दुकानात केली का?"

परतताना मी वाटेत चहा घेतला, पुन्हा घेतला, तरी वाक्य जुळेना. चाचा दारातच उभे होते.

"काय म्हने तुही मॅडम?"

"चाचा... तो कापूस आहे. आपल्याच दुकानातला."

त्यांनी चकती माझ्याकडून घेऊन उजेडात धरली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तिथं कोनीच नाही?"

"तसं नाही. अजून कुणालाच माहीत नाही."

"मंग असं बोल न बे! उगीच भेव घातलं मले." आणि टाके घालायला बसले.

मी रजईचं टोक उचलून पाहिलं. चांगली डबल पलंगाची होती.

"चाचा, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाला एवढी मोठी?"

"मंग? दोघं तरी मावले पायजे." त्यांनी दातांनी दोरा तोडला. "एकट्याले थंडी लय वाजते, बेटा."