एका घोड्याच्या शर्यतीत शेवटचा नंबर

आमच्या सोसायटीतल्या घोड्यांच्या शर्यतींचा दर्जा गेल्या दोन उन्हाळ्यांत चिंताजनक खालावला असून त्याला सर्वस्वी जॉकी जबाबदार आहे, हे मी सुरुवातीलाच नमूद करतो. दुष्काळाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. दुष्काळ सगळ्यांनाच होता, पण म्हणून आम्ही बाल्कनीत बसायचं थांबलो का?

नवख्या माणसासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. आमचं शहर वाढत वाढत बीड बायपास रस्त्याच्या पलीकडे सरकू लागलं तेव्हा बद्रीनाथ शेठ या बिल्डरनं तिथं 'अश्वमेध रेसिडेन्सी' उभी केली. जाहिरातीत बाल्कनी होती, बाल्कनीसमोर हिरवंगार रेसकोर्स होतं आणि करारात तसा स्पष्ट उल्लेख होता. ताबा मिळाला तेव्हा समोर चार बाभळी आणि मुरूम. आम्ही करार पुढं केला. बद्रीशेठ शब्दाला पक्का माणूस. त्यानं बाभळी तोडल्या, चुन्याच्या फक्कीनं लांबट गोल आखला, छावणी भागातल्या एका बँडवाल्याकडून वरातीचे दोन घोडे आणले, दोन पोरं नेमली आणि दर रविवारी सकाळी शर्यत सुरू करून दिली. पाण्याबद्दल करारात काही नव्हतं, त्यामुळे ते टँकरनं येई.

घोडे वरातीचे असल्यानं सावकाश चालायचं आणि लोक दिसले की थांबायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. बाल्कनीतून टाळ्या पडल्या रे पडल्या की दोघंही जागच्या जागी नाचू लागत. त्यात पहिल्याच उन्हाळ्यात कडबा महागला. बँडवाल्यानं एक घोडा परत नेला आणि त्याचा स्वार वाळूजला एका कारखान्यात लागला. उरला एक घोडा, त्याचं नाव राजा, आणि एक जॉकी, त्याचं नाव आकाश.

आकाश ही नोकरी पगारासाठी करत नव्हता, कारण पगार सांगण्यासारखा नव्हताच. पण जॉकीला गेटजवळची खोली मिळे आणि त्या खोलीत नळ होता. टाकीत टँकर रिकामा झाला की नळाला रोज पाणी. त्याच्या वस्तीत पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही रांग लावून. त्याची बायको सुलेखा दुसऱ्या उन्हाळ्यात पोटुशी होती, सातवा सरत आला होता. "काका, पगाराचं राहू द्या, तेवढा नळ राहू द्या," असं तो मला सारखा म्हणायचा. इतकं साधं मागणं असणाऱ्या माणसानं निदान घोडा तरी नीट पळवावा.

जॉकीच्या कामगिरीवर लक्ष ठेवायला सर्वसाधारण सभेनं मूल्यमापन उपसमिती नेमली. अध्यक्षपदी माझी, म्हणजे श्रीरंग यांची, एकमतानं निवड झाली. मी कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालोय हे एक कारण, आणि सबंध सोसायटीत घोड्यावर बसल्याचा अनुभव फक्त मला होता, हे दुसरं. गुलमंडी ते खडकेश्वर, स्वतःच्या लग्नात.

"अहो, तेव्हा घोडा धरायला दोघं होते आणि तुम्हाला धरायला तिसरा," असं आमच्या सौ. कालिंदीबाई सभेत बोलल्या. इतिवृत्तात ते घेतलेलं नाही.

पहिल्याच तपासणीत धक्कादायक बाब समोर आली. सलग सगळ्या शर्यतींत आकाशचा शेवटचा नंबर होता. मी त्याला समितीपुढं बोलावलं.

"आकाश, शेवटचा का आलास?"

"काका, घोडा एकच हाय. पैला बी मीच आलो की."

"पहिला घोडा आला. त्याचं श्रेय घोड्याला. शेवटी कोण आलं ते विचारतोय."

त्यानं डोकं खाजवलं. "घोड्याच्या पाठीवर मीच व्हतो, म्हंजी मीच."

"कबूल आहे ना? मग झालं."

नोकरीत असताना मी शेकडो गोपनीय अहवाल याच पद्धतीनं लिहिले आणि एकाही साहेबानं त्यात खोट काढली नाही. काम झालं तर ते खात्याचं, बिघडलं तर ते माणसाचं. आकाशला ताकीद देण्यात आली.

दुसऱ्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपा कमी झाल्या. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या मिहिरनं, जो दिवसभर घरीच कॉम्प्युटरवर काम करतो, एक अभ्यासपूर्ण मुद्दा मांडला. राजा एका कुटुंबाइतकं पाणी पितो आणि मेंटेनन्स मात्र देत नाही. शर्यतीत घोड्याची नेमकी गरज काय, हे एकदा तपासलं पाहिजे. आम्ही करार काढून पाहिला. रेसकोर्सचा उल्लेख होता, घोड्याचा कुठंही नव्हता. राजाला सन्मानपूर्वक बँडवाल्याकडे परत पाठवण्यात आलं. जाताना तो गेटपाशी थांबून थोडा नाचला.

पुढच्या रविवारपासून आकाश डोक्यावर टोपी घालून, हातात चाबूक घेऊन पायीच पळू लागला. आमचं निरीक्षण चालूच होतं, आणि खेदानं सांगावं लागतं की कामगिरी आणखी घसरली. घोड्याला लागायचा त्याच्या दुप्पट वेळ त्याला लागू लागला. मिहिरच्या मते त्याची बैठक चुकत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या मनस्विनीताईंना त्याच्यात घोड्याबद्दल आत्मीयताच दिसत नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण या गड्यानं अंगणालाही कधी नावं ठेवली नाहीत. नुसता पळायचा आणि दमला की गुडघ्यावर हात टेकून वर आमच्याकडे बघायचा. असल्या थंड माणसाला सुधारणार तरी कसं?

शेवटी मी ठराव मांडला. जो शेवटचा येईल त्याचा नळ आठवडाभर बंद. ठरावात मी आकाशचं नाव मुद्दाम घातलं नाही. नियम माणूस पाहून करायचा नसतो, ही आमच्या खात्याची शिस्त. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

आकाश संध्याकाळी आमच्या घरी आला. दारातच उभा राहिला.

"काका, म्या एकटाच पळतोय. शेवटला मीच येनार. सुलेखाला डॉक्टरनं हंडा उचलायचा नाय म्हनून सांगितलंय. नळ बंद झाला तर वस्तीत जाऊन रांगंत कोन उभं राहील? मी तर हितं."

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पोरगा रडवेला झाला होता. मी त्याला समजावलं, की भावना वेगळी आणि मूल्यमापन वेगळं, आणि मी त्याच्या जागी असतो तर एव्हाना पळून दाखवलं असतं.

आतून कालिंदीबाई बाहेर आल्या. "मग दाखवाच. घोडामैदान जवळच आहे, आपल्या बाल्कनीसमोर. रविवारी हे तुझ्याबरोबर पळतील, आकाश. दोघं असले म्हणजे कुणीतरी पहिलंही येईल."

बद्रीशेठलाही ते पटलं. इतके महिने एकाच माणसाची शर्यत बघून नवीन गिऱ्हाईकं बुचकळ्यात पडत होती, असं तो म्हणाला. माझं मत विचारायचं राहून गेलं.

रविवारी मी मैदानात उतरलो तेव्हा सगळ्या बाल्कन्या भरलेल्या होत्या. आकाशनं मला स्वतःची टोपी दिली. चाबूक मात्र त्यानं स्वतःकडे ठेवला. बद्रीशेठनं शिट्टी मारली. पहिल्या सरळ पट्ट्यात मी उत्तम पळालो, हे कुणीही निष्पक्ष माणूस मान्य करील. वरून मिहिर काय ओरडत होता तेही स्पष्ट ऐकू येत होतं. "काकांचं वजन मागं पडतंय," म्हणे. या मुलाला दूध आणायला सांगितलं तरी स्कूटर लागते.

वळणावर माझा श्वास चढला. आकाश चार पावलं पुढं होता. तो थांबला, मागं वळला.

"काका, दम खा. घाई नाय. बसा वाईच."

"पळ तू," मी म्हणालो. निदान तेवढ्यापुरतं मनापासून म्हणालो. पण त्याला माझी काळजी वाटत होती, त्यामुळे तो हलेना. मग मीच कसाबसा त्याच्या पुढं गेलो. वरच्या बाल्कन्यांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढे लोक आपलं कौतुक करतायत तर दखल घेणं ही सभ्यता आहे, म्हणून मी थांबलो, टोपी काढली आणि तीन मजल्यांना वेगवेगळा नमस्कार केला.

तोवर आकाशला बहुधा नळ आठवला. तो बाजूनं सुसाट गेला आणि रेघ ओलांडून मटकन खाली बसला. गेटजवळच्या खोलीच्या दारात सुलेखा उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले. मला तिच्यासाठी आनंद झाला, हे मोकळेपणानं सांगतो.

दुपारी प्लंबर आमच्या फ्लॅटवर आला. ठरावात फक्त 'जो शेवटचा येईल' एवढंच होतं. मी त्याला सांगितलं, की माझ्यासारख्या वरिष्ठ सभासदाच्या बाबतीत नियम थोडा उदारपणे लावायला हवा. तो म्हणाला, "सही तुमचीच हाय, साहेब," आणि चावी फिरवून गेला. मूल्यमापन समितीची तातडीची बैठक मिहिरच्या अध्यक्षतेखाली माझ्या अनुपस्थितीत झाली आणि माझी कामगिरी असमाधानकारक ठरली.

कालिंदीबाईंनी हंडा माझ्या हातात दिला. मी गेटजवळच्या खोलीपाशी गेलो. आकाश घोरत होता. सुलेखानं नळ सोडला, हंडा भरू दिला, वर तांब्याभर पाणी प्यायलाही दिलं.

"काका, रागवू नका," ती म्हणाली, "पर वळनावर तुमी लई रेंगाळता. पुढच्या खेपंला टाळ्यांकडं बघू नका."

पाणी मी प्यालो, पण मला राग आलाच. दारात बसून बोलायला काय जातं? जो स्वतः कधी मैदानात उतरला नाही त्यानं पळणाऱ्याला नावं ठेवू नयेत, हे माझं पहिल्यापासूनचं मत आहे.

आणि तेच मी तुम्हालाही सांगतो. मघापासून तुम्ही खुर्चीत रेलून वाचताय. मी नमस्कार करायला थांबलो तिथं तुम्ही हसलात, प्लंबर आला तेव्हा "असंच पाहिजे म्हाताऱ्याला" असंही मनात म्हणालात. म्हणा. तुमची नजर चांगली आहे, आमच्या समितीला अशीच माणसं हवी असतात. आमच्या शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. येत्या रविवारी आकाशबरोबर पळायला अजून कुणी तयार झालेलं नाही, पण ते नंतर बघू. बाल्कनीतून सगळं फार छान दिसतं, आणि त्या फ्लॅटच्या नळाला सध्या पाणी आहे.